तीस नोंदींचा ऑगस्ट

१

हिवरखेडच्या पंजाबरावांचा आवाज दोनदा गेला. पहिल्यांदा गेला तो डॉक्टरांच्या हातून, रीतसर, सही-अंगठा घेऊन. तीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ल्यावर घशात कर्करोग निघाला आणि जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल असं ठरलं. दुसऱ्यांदा मात्र तो बंद कपाटातून गेला, आणि कसा गेला हे कुणालाच सांगता येईना.

अकोल्यात जठारपेठेमागे एका संस्थेचं छोटं केंद्र आहे. घशाची शस्त्रक्रिया व्हायच्या आधी माणसं तिथे येतात आणि सीमा नावाची मुलगी त्यांच्याकडून शंभर-सव्वाशे वाक्यं बोलून घेते. पाणी दे, दुखतंय, दार लाव, कुठं चालली. पुढे हीच वाक्यं त्यांच्या फोनवर चढवतात, एकेका वाक्याला एकेक बटण. बटण दाबलं की माणूस बोलतो, आणि बोलतो स्वतःच्याच आवाजात.

पंजाबरावांनी ऑगस्टात अशी वाक्यं बोलून ठेवली होती. मग शस्त्रक्रिया झाली, मग किरणांचे शेक झाले, मग कापूस वेचणीला आला, आणि जानेवारीत ते बायकोला घेऊन आपला आवाज न्यायला केंद्रात आले. आवाज नव्हता.

मधल्या काळात, दिवाळीत, केंद्राचा संगणक जळाला होता. पण त्याची कुणी फिकीर केली नव्हती. रोज दुपारी दोन वाजता, जेवणाच्या सुट्टीत, त्या दिवसापर्यंतचं जे जे नवीन असेल ते तो संगणक आपणहून तारेवरून अमरावतीच्या मुख्य कार्यालयात पाठवायचा आणि तिथलं यंत्र ते टेपवर उतरवून घ्यायचं. केंद्र बंद असलं तरी हे चालूच. संगणक जळाल्यावर सगळं टेपवरून परत आणलं. सगळ्यांचे आवाज आले, एकट्या पंजाबरावांचा आला नाही.

पंजाबरावांनी गळ्यात अडकवलेल्या पाटीवर लिहिलं, "मी बोललो होतो." त्यांच्या बायकोनं, दुर्गाबाईंनी, विचारलं, "आवाज म्हंजे काय छत्री आहे काय, कुठीबी इसरून राहाले?"

संस्थेचे अध्यक्ष कमलाकांत निवृत्त वकील. त्यांचं मत झटपट झालं. सीमा त्या दिवशी रेकॉर्डिंगचं बटण दाबायला विसरली आणि आता पांघरूण घालतेय. त्यांनी गोदावरीबाईंना फोन केला.

"वहिनी, सोमवारी मी त्या मुलीला घरी बसवतोय. तुम्ही विश्वस्त आहात, त्याआधी एकदा बघून घ्या. नंतर मला बोल नको."

"कमलाकांत, निकाल आधी आणि साक्षीदार नंतर, असंच चालायचं का हो तुमचं कोर्टात?" असं विचारून गोदावरीबाईंनी फोन ठेवला आणि चपला घातल्या.

२

गोदावरीबाईंनी दर्यापूरच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं. उत्तर बरोबर असलं तरी रीत दाखवल्याशिवाय त्या गुण देत नसत, आणि निवृत्तीनंतर ही खोड जास्तच वाढली होती. संगणकातलं त्यांना फारसं कळत नव्हतं. पण कळत नाही हे लपवायची त्यांना गरज वाटत नसे, हे त्यांच्या फायद्याचंच होतं.

"ह्यात टेप जाते," अमरावतीच्या मुख्य कार्यालयात यंत्राकडे बोट दाखवत सौमित्र म्हणाला. ही सगळी व्यवस्था त्यानंच बसवली होती. हुशार मुलगा, पण समोरच्याला आपलं बोलणं कळतंय का हे बघायच्या आत पुढे गेलेला असायचा. "महिन्याला एक टेप. कमलाकांतकाकांचा हट्ट. रोग्यांचे आवाज परक्यांच्या संगणकावर नकोत, आपल्या कपाटात हवेत."

टेप म्हणजे तळहातावर मावणारी काळी चौकोनी डबी. सौमित्रनं ऑगस्टच्या टेपची यादी पडद्यावर काढली. रोज दोन वाजताची एक नोंद आणि तिच्याखाली त्या दिवशी आलेल्यांची नावं. रविवारी, पंधरा ऑगस्टला, गणपतीच्या दिवशी केंद्र बंद, तिथे नोंदीखाली नुसतं 'नवीन काही नाही'.

"हे बघा, एकवीस ऑगस्ट, गुरुवार. सीमाच्या वहीत पंजाबरावांची हीच तारीख आहे. इथे तीन नावं आली, त्यांचं नाही. म्हणजे तिकडून आलंच नाही. म्हणजे तिकडे नव्हतंच."

"तुझ्याकडून पुसलं गेलं असेल तर?"

सौमित्र दुखावला. "बाई, या टेपवर मधलंच एक नाव पुसताच येत नाही."

बाईंनी डायरी काढून अख्खी यादी पेन्सिलीनं उतरवून घेतली. सौमित्र छापून द्यायला तयार होता, पण त्यांना हातानं लिहिल्याशिवाय काही दिसत नसे. मग त्यांनी कपाट उघडायला लावलं. टेपा ओळीनं उभ्या होत्या, पाठीवर आकडे. ओळ दोनपासून सुरू होत होती.

"एक नंबर?"

"ती जुनी झाली, वाचताना अडायची. गेल्या उन्हाळ्यात तिच्यावरचं दुसरीवर घेतलं, ती कोरी केली आणि गजेंद्रला म्हटलं, टाक भंगारात."

बाईंनी ऑगस्टची टेप हातात घेतली. वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर पिवळसर डाग होते, बोटाच्या टोकाएवढे, दोन्हीकडे अगदी सारखे.

"गजेंद्रचा हात," सौमित्र हसला. "वरण-भात खाऊन तसाच येतो."

गजेंद्र हा टेपा बदलणारा, झाडणारा, कुलूप लावणारा माणूस. दर्यापूरचा, चाळिशीचा, घरी थोडी शेती. दर शनिवारी गावी जायचा. त्याला बोलावलं.

"गजेंद्र, एकवीस ऑगस्टच्या गुरुवारी दोन वाजता मशीनमध्ये कोणती टेप होती?"

"ऑगस्टचीच, बाई. म्या सोता पाह्यली. हिरवा दिवा लागेल होता."

"नक्की?"

"माह्या मायची आन."

एकतीस वर्षं कॉपी करणारे चेहरे पाहिलेल्या बाईंना कळलं की हा खरं बोलतोय. पण बोलता बोलता त्यांचा अंगठा त्या पिवळ्या डागावर गेला, तशी गजेंद्रनं ती टेप त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली आणि कपाटात ठेवून दिली.

३

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बाई अकोल्याला गेल्या. सीमानं त्यांच्यासाठी खुर्ची पुसली आणि स्वतः उभीच राहिली.

"बाई, मी बटण दाबलं होतं. झाल्यावर त्यांना त्यांचा आवाज ऐकवला पण होता. हसले होते ते. जिथं आवाजच नाही तिथं कोणी हसते का?"

"त्या दिवशी काय काय झालं, सांग. मला सगळं चालेल."

"गर्दी होती. सकाळचे तीन झाले. हे लोक उशिरा पोचले."

पुढचं दुर्गाबाईंनी सांगितलं. त्या नवऱ्याला घेऊन हिवरखेडहून पुन्हा आल्या होत्या आणि भिंतीला टेकून बसल्या होत्या. "बस मिळाली नाई आमाले. आलो तं इथं सारे जेवून राह्यले होते. या पोरीनं तिच्या डब्यातली पोई आमाले देली. सुट्टी सरली, मंग हे बोलाले बसले. सव्वाशे वाक्यं, बाई. माह्या लग्नाले तीस वर्सं झाली, तवाधरून एवढं नाई बोलले."

पंजाबरावांचे खांदे हलले. हसू आलं की ते असेच बिनआवाजाचे हलायचे.

"अन् मंग यायले घरी जायची घाई," दुर्गाबाई म्हणाल्या. "बैलाईचे खांदे शेकाचे होते. साडेपाचच्या बसनं गेलो."

पंजाबरावांनी पाटी पुसली, बराच वेळ लिहिलं आणि बाईंसमोर धरली. "नसन तं नाही म्हणा. पण वाट पाहाले लावू नका." उंच, रुंद हाडाचा माणूस. आवाज असताना या माणसाच्या हाकेनं शेताच्या या टोकाची जोडी त्या टोकाला थांबत असेल. आता घोटभर पाणी हवं असलं तरी त्याला पाटी शोधावी लागत होती. बाईंना त्याच्याकडे बघवेना.

"मी खोटं आश्वासन देत नाही," त्या म्हणाल्या. "सोमवारपर्यंत मला द्या. तेव्हा हो किंवा नाही, एकच शब्द सांगेन."

सीमा त्यांना दारापर्यंत सोडायला आली. "नोकरी गेली तं जाईल, बाई. पण मी त्यांना म्हटलं होतं, काका, काळजी करू नका, तुमचा आवाज माझ्यापाशी ठेव आहे. शस्त्रक्रियेला जाताना त्यांनी माझ्याकडं बघून मान डोलवली होती."

बाई बसस्थानकाकडे निघाल्या. त्यांच्या डोक्यात सीमाचं नव्हे, दुर्गाबाईंचं एक वाक्य अडकलं होतं.

४

बस दर्यापूरमार्गे जाणारी होती. दोन्ही बाजूंना हरभरा, मधूनच तूर कापलेली रानं. बाईंनी डायरी मांडीवर उघडली आणि वर्गात मुलांना सांगत तसं स्वतःला सांगितलं, जे दिलेलं आहे ते आधी लिहा.

दोन वाजता माल निघतो. पंजाबराव बोलायला बसले ते जेवणाची सुट्टी सरल्यावर. मग एकवीस तारखेच्या नोंदीत त्यांचं नाव कसं असेल? गुरुवारची गाडी निघून गेल्यावर आलेला माणूस शुक्रवारच्याच गाडीनं जाणार. सगळ्यांनी सीमाच्या वहीतली तारीख पाहिली, घड्याळ कुणी पाहिलं नाही. आणि त्यांनी स्वतः तरी गजेंद्रला काय विचारलं होतं? गुरुवारचं. मास्तरणीनंच गणित चुकीचं घातलं होतं.

त्यांनी शुक्रवारच्या ओळीवर बोट नेलं. बोट थांबलं. वीस, एकवीस, तेवीस.

बाईंनी वरपासून खालपर्यंत पुन्हा मोजलं. आपल्याकडून उतरवताना ओळ सुटली असेल असं त्यांना वाटून गेलं, पण असं त्यांचं आयुष्यात कधी झालं नव्हतं. ऑगस्टचे दिवस एकतीस, नोंदी तीस. रविवार सुटला नव्हता, पंधरा ऑगस्ट सुटला नव्हता. बंद केंद्राचीही 'नवीन काही नाही' अशी ओळ होती. बावीसची तेवढीसुद्धा नव्हती. म्हणजे त्या दिवशी आलेला माल हरवला नव्हता. तो या टेपवर उतरलाच नव्हता. आणि तरी यंत्रानं तक्रार केली नव्हती, म्हणजे त्याच्या पोटात दुसरी एखादी टेप होती.

बावीस ऑगस्टला काय होतं? बैलांचे खांदे शेकले त्याच्या दुसऱ्या दिवशी काय असतं, हे वऱ्हाडात सांगावं लागत नाही. दर्यापूरच्या शाळेत बाईंचा वर्ग त्या दोन दिवशी अर्धा रिकामा असायचा.

आणि मग त्यांना त्या टेपचे दोन कोपरे आठवले. दोन्ही बाजूंना सारखे, बोटाएवढे पिवळे.

"दर्यापूरले उतरते मी," त्यांनी कंडक्टरला सांगितलं. तिकीट अमरावतीचं होतं.

५

गजेंद्र अंगणात तुरीचं खळं सावरत होता. बाईंना पाहून त्याचा सूप धरलेला हात थांबला. त्याच्या आईनं, माणिकबाईंनी, बाज टाकली आणि चहा ठेवायला आत गेली.

"गजेंद्र, काल मी तुला प्रश्न चुकीचा विचारला," बाई बाजेवर बसत म्हणाल्या. "आता बरोबर विचारते. पोळ्याच्या दिवशी त्या टेपला तू सुट्टी दिलीस ना?"

गजेंद्रचा चेहरा उतरला. तो खाली बसला.

"सौमित्रसायबाले नका सांगू, बाई. हसन तो मले."

"मी हसतेय का? सांग."

"ते टेप महिनाभर रोज ओझं वायते. आमच्या घरी पोळ्याले जू खांद्यावर ठेवत नाई. इथं म्या मशिनीपाशी राबतो, तं मशिनीचं नाई करू काय? गुरुवारी दोनचं काम झालं, मंग सांजच्याले म्या तिले काहाडलं. खांद्याले हळद-लोणी लावलं, उद्या जेवाले ये म्हणून आवतन देलं. शनवारी पाहाटी पुन्हा लावली. मले वाटलं, पोळ्याले केंद्र बंद. कोनी बोलनार नाई, काई येनार नाई. कोनाचं काय बिघडते?"

बाईंनी मान हलवली. त्याच्या रीतीत एकच पायरी चुकली होती. पोळ्याला कुणी बोललं नव्हतं हे खरं, पण आदल्या दिवशी उशिरा बोललेला एक माणूस वाटेत होता.

"पण मशीन रिकामं ठेवलं असतंस तर सौमित्रच्या फोनवर घंटा वाजली असती."

"वाजतेच."

"नव्या टेपा त्याच्या कुलपात. म्हणजे तू आत घातलीस ती एकच असू शकते. एक नंबर. जी तुला भंगारात टाकायला सांगितली होती."

घरातून स्टोव्हचा आवाज येत होता. गजेंद्रनं तुरीचे चार दाणे उचलले आणि सुपात टाकले.

"पाच वर्सं ओझं सांभायलं तिनं," तो म्हणाला. "पह्यली तीच आनली होती, म्या सोता मोटारीतून उतरवली. म्हातारं झालं म्हणून आमी बैल बाजारात नेत नाई, बाई. माह्या बापानं नाई नेला, म्या नाई नेला. तवा ते मशिनीच्या बाजूच्या खणात ठेवली होती. पोळ्याले म्हटलं, हिले बी तोरनाखाली उभं राहू द्या. काम काईच नव्हतं, नुसतं उभं राहाचं होतं."

"आणि आता ती कुठे आहे?"

"दिवाळीत सायबानं खन साफ कराले लावले."

बाई बाजेवरून अर्ध्या उठल्या. "टाकलीस?"

गजेंद्र उठला, घरात गेला आणि पत्र्याची पेटी घेऊन आला. पेटीत बैलांच्या झुली, घुंगरांच्या माळा, शिंगांचे गोंडे, वर्षभर जपून ठेवायचं सगळं. झुलीची घडी उलगडून त्यानं आतली काळी डबी काढली आणि दोन्ही हातांनी बाईंच्या पुढे धरली. तिच्या पाठीवर एकचा आकडा होता.

"हिच्यावर काय आहे, ठाऊक आहे तुला?" बाईंनी विचारलं आणि त्याला सांगितलं.

गजेंद्रनं झूल ओढून घेतली आणि खाली बसला. चहा घेऊन आलेल्या माणिकबाईंना कळेना की आपला धडधाकट मुलगा झुलीत तोंड खुपसून काहून रडून राहिला.

६

सोमवारी सकाळी कार्यालयात चौघं यंत्राभोवती उभी होती. सौमित्रनं टेप आत सरकवली. यंत्र घुरघुरलं, थांबलं आणि लाल दिवा लागला.

"म्हटलं होतं ना, अडते," सौमित्र पुटपुटला. त्यानं टेप काढली, यंत्र साफ केलं, पुन्हा घातली. पुन्हा लाल दिवा.

कमलाकांत घड्याळाकडे बघत होते. सीमाला कामावरून काढल्याचं पत्र त्यांच्या खिशात तयार होतं. "वहिनी, तुमचा तर्क सुंदर आहे. पण कोर्टात पुरावा लागतो."

"थांबा हो जरा," सौमित्र एकदम म्हणाला, आणि अध्यक्षांना आपण काय बोललो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. त्याचा चष्मा नाकावर घसरला होता. आता त्यालाही तो आवाज हवा होता. त्यानं टेप पुढे पळवली, मागे आणली, पुन्हा पुढे नेली. "सैल झाली असेल तर अशानं नीट बसते." तिसऱ्यांदा त्यानं वाचायला लावलं आणि हात बाजूला घेतले.

हिरवा दिवा लागला. पडद्यावर एकच नोंद उमटली. बावीस ऑगस्ट, दुपारी दोन, नाव एक.

पहिली नऊ वाक्यं चिरकून गेली होती, ती वाचलीच नाहीत. बाकीची एकशे सोळा आली. सौमित्रनं त्यातलं एक लावलं आणि खोलीत भरदार, थोडा घोगरा आवाज घुमला, "वासरू सुटलं पाहा कोनाचं." गजेंद्र भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"मी यादीत बावीस नाही हे पाहिलं होतं," सौमित्र हळूच म्हणाला. "म्हटलं, सुट्टीच होती."

कमलाकांतांनी खिशातलं पत्र काढून फाडलं. पण वकिलाचा स्वभाव जात नाही. "आणि या गजेंद्रचं काय करायचं? टेपेला पोळ्याची सुट्टी! याच्यामुळेच तर हे सगळं झालं."

"झालं," गोदावरीबाई म्हणाल्या. "आणि त्यानं सौमित्रचा हुकूम पाळून ती टेप भंगारात टाकली असती तर? त्याला एवढंच सांगा, पुढच्या पोळ्याला हळद लावायची तर लाव, पण आधी सौमित्रला कळव. आणि सौमित्र, तू हसायचं नाहीस."

"नाही हसणार," सौमित्र म्हणाला. तो खरंच हसत नव्हता.

७

दुपारी सगळे अकोल्याला गेले. गजेंद्र नको म्हणत होता, बाईंनी त्याला गाडीत बसवलं. पंजाबराव आणि दुर्गाबाई सकाळच्या बसनं येऊन केंद्राच्या बाकावर बसले होते.

"हो," बाईंनी दारातूनच सांगितलं. कबूल केला होता तो एकच शब्द.

सीमानं फोनवर बटणं बसवायला तास घेतला. गजेंद्र पुढे झाला, पंजाबरावांच्या पायाशी वाकला आणि जे झालं ते त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, हळदीपासून झुलीपर्यंत. पंजाबरावांनी ऐकून घेतलं. मग पाटी ओढून त्यांनी लिहिलं, "कोनत्या रंगाची झूल?"

"लाल," गजेंद्र म्हणाला.

पंजाबरावांनी मान डोलवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

फोन त्यांच्या हातात आला. जाडजूड बोट बटणांवरून फिरत राहिलं. सगळे वाट बघत होते की ते पहिल्यांदा काय दाबतात. बैलांना हाक मारतील, नाहीतर पाणी मागतील असं बाईंना वाटलं. त्यांनी बरंच खाली, शेवटच्या बटणांपाशी जाऊन एक बटण शोधलं, आणि दुर्गाबाईंकडे न बघता दाबलं.

"दुर्गे, जेवली का वं?"

दुर्गाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग सीमाकडे. "हे यायनं म्हटलं?"

"शेवटची दहा वाक्यं ज्यानं त्यानं आपल्या मनानं सांगायची असतात," सीमा म्हणाली. "हे त्यांनी सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही बाहेर बसल्या होत्या."

"तीस वर्सांत कधी इचारलं नाई मले," दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. मग त्यांनी पदर सावरला आणि जसं कुणी नवऱ्याच्या प्रश्नाला रोज देतं तसं साध्या सुरात उत्तर दिलं. "नाई जेवली. सकायपासून तुमच्यासंग इथंच तं बसून राह्यली."

पंजाबरावांचं बोट पुन्हा बटणांवर गेलं. वर गेलं, खाली आलं. याच्यापुढं काय म्हणायचं ते त्यांनी बोलून ठेवलंच नव्हतं. त्यांनी फोन बाकावर ठेवला, पिशवीतून डबा काढला, त्यातली भाकर मोडून अर्धी बायकोच्या हातात दिली आणि ती खाऊ लागेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिले.